खटका दाराशी हवा

कन्नड
११ मे १९८०

आदरणीय बिडकीनकर बाईंना,
शमशादचा सलाम.

ओळखलंत का? कॉलेजच्या रेडिओ क्लबात सोल्डर करताना जिची ओढणी पेटली होती, ती मी. तुम्ही आधी ओढणी विझवलीत, मग मला झापलंत, अन् मग तेच सोल्डर पुन्हा करायला लावलंत. लग्न होऊन कन्नडला आले. यांचं, म्हणजे फारूखचं, बसस्टँडसमोर रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. कारभारी शेळके नावाचे दोस्त आहेत, त्यांच्यासोबत भागीत.

वायरलेसचा परवाना मी सोडला नाही. गेल्या साली पहिल्या श्रेणीची परीक्षासुद्धा पास झाले. माडीवरच्या खोलीत माझा छोटा ट्रान्समीटर आहे. दुपारी भांडी आवरली की मोर्सच्या किल्लीवर टिंब-रेघा वाजवत बसते. पण बाई, माझी किल्ली कुणाला ऐकूच येत नाही. मी मद्रासला हाक मारते, मद्रासवाला माझ्या डोक्यावरून कलकत्त्याशी बोलतो. भरल्या बाजारात कुजबुजल्यासारखं आहे.

आता यांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून लष्कराच्या मोडीतला पॉवर अँप्लिफायर आणलाय. दोन ८०७ व्हॉल्व्ह, अन् वेगळ्या पेटीत सातशे व्होल्टचा पॉवर सप्लाय. माझा सेट अन् एरियल यांच्या मधे तो जोडला की ताकद दहापट होईल.

अडचण अम्मींची आहे. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, शहजादीबी. माझे मोठे दीर अन्सारभाई शेतातल्या विहिरीवर मोटारीचा शॉक लागून गेले. मी या घरात यायच्या आधीची गोष्ट. तेव्हापासून अम्मी दिव्याचं बटणसुद्धा स्वतः दाबत नाहीत. अँप्लिफायर माडीवर चढवताना बघितला अन् एवढंच म्हणाल्या, "एक झटका. कुणालाबी बसू दे. एक झटका बसला की हा डबा भंगारात, अन् तुझा छोटा डबाबी त्याच्यासंगं." आम्ही दोघांनी कबूल केलंय. अम्मी शब्द पाळतात अन् दुसऱ्याकडून पाळून घेतात.

दुकानातल्यांनी रेडिओचे अडीचशे व्होल्ट हाताळलेत. सातशेला कुणी हात लावलेला नाही. बाई, कसा जोडायचा ते सांगाल का? मला तो भंगारात जाऊ द्यायचा नाही.

आपली विद्यार्थिनी,
शमशाद

*

उस्मानपुरा, औरंगाबाद
१७ मे १९८०

चि. शमशाद हिस आशीर्वाद.

ओळखलं. ओढणी पिवळी होती. परीक्षा पास झाल्याचं कळवायला एक वर्ष लावलंस, हे बरोबर नाही.

निवृत्त झाल्यावर मी माझा ट्रान्समीटर कॉलेजला देऊन टाकला. आता घरी फक्त रिसीव्हर आहे, ऐकण्यापुरता. त्यामुळे पत्रानेच सांगते. नीट वाच, आणि जे करणार नसशील ते "करते" म्हणून लिहू नकोस.

तुमच्या दुकानातल्या रेडिओत चूक झाली तर माणूस हात झटकतो आणि शिव्या देतो. सातशे व्होल्टला शिव्या द्यायला माणूस उरत नाही. म्हणून जोडणीचा क्रम ठरलेला असतो आणि त्यात आवडीनिवडीला जागा नाही. पहिली जोडायची ती अर्थिंगची पट्टी, आणि सोडवताना सर्वांत शेवटी सोडवायची तीच. अँप्लिफायर, सप्लायची पेटी आणि तुझा छोटा सेट, तिघांचे पत्रे जाड तांब्याच्या पट्टीने एकत्र बांध आणि पट्टी खाली अंगणात, कोळसा-मिठाच्या खड्ड्यात ने. नळाच्या पाइपाला तार गुंडाळून समाधान मानू नकोस. मग एरियलची केबल. मग छोट्या सेटकडून येणारी केबल. वीज सगळ्यात शेवटी. एरियल न जोडता चालू केलास तर ताकदीला बाहेर जायला वाट राहत नाही. मग ती आतच फिरते आणि सापडेल ते जाळते.

सप्लायपासून अँप्लिफायरपर्यंत सातशे व्होल्ट नेणारी तार घरच्या दिव्याची नको. जीपच्या स्पार्क प्लगची जाड रबरी तार घे. ती याहून कितीतरी जास्त व्होल्टसाठी बनवलेली असते. वीज जिकडून येते त्या टोकाला भोकाचं सॉकेट आणि जिकडे जाते त्या टोकाला पिन, म्हणजे तार निसटली तरी उघड्या पितळेवर वीज राहणार नाही. अँप्लिफायरच्या मागे केबल लावायची दोन सॉकेटं एकसारखी असतील तर त्यातलं एक बदलून टाक. चुकीची केबल चुकीच्या जागी बसूच शकली नाही पाहिजे.

वीज बंद केली म्हणजे धोका संपला असं समजू नकोस. सप्लायमधले कंडेन्सर वीज धरून ठेवतात. कोरड्या बांबूला तांब्याचा आकडा लाव, आकड्याची तार अर्थिंगला जोड, आणि आत हात घालण्याआधी दर वेळी तो आकडा उच्च दाबाच्या टोकांना टेकव. काम एका हाताने कर. पुस्तकात लिहिलेलं असतं, "दुसरा हात खिशात ठेवा." पुस्तकं खिसे असलेल्यांनी लिहिली आहेत. तू कमरेमागे ठेव.

आता सर्वांत महत्त्वाचं. मेन स्विचचा खटका टेबलाशी नको, दाराशी हवा. तुला धक्का बसला तर तुझा हात तुझ्या उपयोगाचा राहणार नाही. तुला न शिवता दुसऱ्या कुणालातरी वीज तोडता आली पाहिजे. त्या खटक्याशी फारूखला बसव. सासूबाईंना बसवू नकोस. त्यांचं दुःख मी समजू शकते, पण घाबरलेलं माणूस खटक्याजवळ नको. त्यांना त्या खोलीपासून लांबच ठेव.

इंदुमती बिडकीनकर

*

कन्नड
१६ जून १९८०

आदरणीय बाई,
सलाम.

तुमचं पत्र अम्मींना ऐकवायचं नव्हतं. पण यांनी जेवताना मोठ्यानं वाचायला घेतलं अन् शेवटाशी येऊन अडखळले. अम्मी म्हणाल्या, "थांबला कामून? वाच." वाचावं लागलं.

अम्मींनी पान लावलं, तोंडात टाकलं, अन् म्हणाल्या, "तू दिवसभर दुकानात. दुपारच्याला ही एकटी. मग खटक्याजवळ कोण बसणार, मांजर?" दुसऱ्या दिवशी वेताची खुर्ची स्वतः ओढत माडीवर नेली, दाराशी मांडली. मला म्हणाल्या, "तुझ्या बाईंना लिही. म्हणावं, घाबरलेली तर मी आहेच. घाबरलेलं माणूस डुलकी घेत नाय."

तेव्हापासून असं चालतं. मला आत हात घालायचा असला की दिव्याचं बटण न दाबणाऱ्या अम्मी स्वतः खटका पाडतात, त्यातला चिनी मातीचा फ्यूज उपसतात अन् पानदानात टाकतात. पानदान मांडीवर. काम झालं की विचारतात, "बोल, काय काय केलंस?" मी क्रमानं सांगते: अर्थिंग, एरियल, छोट्या सेटची केबल, आकडा बाहेर काढला, झाकण लावलं. एकसुद्धा राहिलं तर पानदान उघडत नाही. परवा झाकणाचं म्हणायचं विसरले. अम्मी सुपारी कातरत बसल्या. मी म्हटलं, "अम्मी, फ्यूज." म्हणाल्या, "कुठला फ्यूज?"

जीपची तार गॅरेजवाल्याकडून मिळाली. खटका दाराशी नेला. खड्डा खणला, कोळसा-मीठ भरलं, पण तो ओला ठेवायचा कसा? इथं उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. प्यायला भरून ठेवतो त्यातलं खड्ड्यात ओतायचं म्हणजे मलाच कसंतरी होत होतं. अम्मींनी ते ऐकलं अन् वजू करायची जागा बदलली. आता अंगणात खड्ड्याजवळ पाट टाकून बसतात. नमाजाआधी हात-पाय-तोंड धुतल्याचं पाचही वेळचं पाणी तिथंच मुरतं. कारभारीभाऊ म्हणाले, "अम्मी, तुमच्या दुव्यानं आता शॉक लागायचाच नाय." अम्मी म्हणाल्या, "दुव्यानं नाय, पाण्यानं. दुवा वेगळा मागते."

सॉकेटाचं तुम्ही सांगितलंत ते करते.

आपली,
शमशाद

*

उस्मानपुरा
२३ जून १९८०

चि. शमशाद,

खड्ड्याची व्यवस्था उत्तम आहे. अर्थिंग ओलं ठेवा असं मी इतकी वर्षं वर्गात सांगत आले. पाणी कुठून आणायचं याचा विचार कुणी केला नव्हता, मीही नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. झाकणासाठी त्यांनी तुला अडवलं हेही योग्य.

तरी माझी शंका कायम आहे. सगळं सुरळीत असताना दाराशी बसणं वेगळं आणि ऐन वेळी हात चालणं वेगळं.

एकदम एरियलवर जाऊ नकोस. एरियलच्या जागी आधी शंभर वॅटचा साधा दिवा जोड आणि किल्ली दाब. दिवा पेटला तर ताकद बाहेर येते आहे असं समज. मीटरचा काटा बघत ट्यूनिंगचं चाक फिरव. दोन्ही व्हॉल्व्हच्या आतला पत्रा काळाच राहिला पाहिजे. तो लाल होऊ लागला तर ताबडतोब बंद. हे सासूबाईंनाही सांगून ठेव. त्या बसणारच असतील तर कशाकडे बघायचं ते त्यांना माहीत असू दे.

इंदुमती बिडकीनकर

*

कन्नड
२० जुलै १९८०

आदरणीय बाई,
सलाम.

दिवा पेटला!

रमजान चालू आहे. दिवसा पान नाही, पण अम्मी पानदान घेऊनच माडीवर येतात, फ्यूजसाठी. मी सगळं क्रमानं सांगितलं, फ्यूज मिळाला, खटका चढला. किल्ली दाबली अन् टेबलावरचा दिवा लख्ख झाला. सोडली की विझला. अम्मी खुर्चीवरून उठल्या नाहीत, पण मान पुढं करून बघत राहिल्या. म्हणाल्या, "याला घरची बिजली कुठून जोडली?"

मी म्हटलं, "नाही जोडली अम्मी. ही माझ्या किल्लीची."

"अन् हा उघडझाप कामून करतो?"

"मी लिहितेय म्हणून."

"काय लिहिलंस?"

"तुमचं नाव."

अम्मींनी दिव्याची उघडझाप बोटांवर मोजली. मग म्हणाल्या, "लई लांबलचक आहे. पुरं कर." पुरं केलं. संध्याकाळी रोजा सोडताना यांना सांगत होत्या, "माझं नाव बिजलीत कसं दिसतं, तू बघितलं नाय."

व्हॉल्व्हचा पत्रा काळाच राहिला. अम्मी व्हॉल्व्हला काचेची बत्ती म्हणतात, अन् त्यांची नजर सारखी तिकडंच. मला ट्यूनिंग करताना मीटरवरून डोळा हलवता येत नाही, म्हणून ते एक बरं झालं. ईद झाली की एरियल जोडते. त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी दुपारी चाळीस मीटरच्या बँडवर ऐकाल का?

आपली,
शमशाद

*

उस्मानपुरा
२३ ऑगस्ट १९८०

चि. शमशाद,

काल दुपारी तुला ऐकलं.

रिसीव्हर आधीपासून लावून बसले होते. तू हाक दिलीस आणि कोलंबोच्या माणसाने लगेच उत्तर दिलं. तुला त्याला दुसऱ्यांदा बोलवावं लागलं नाही. टिंबं टिंबांएवढी, रेघा रेघांएवढ्या, दोन शब्दांमध्ये हवी तेवढीच जागा. त्याने घाई केली तेव्हा तू घाई केली नाहीस. त्याला तुझ्या वेगावर यावं लागलं. अखेरीस एक टिंब जास्तीचं पडलं. ते मी धरत नाही.

माझ्या वर्गातून पुष्कळ मुलं इंजिनियर झाली. त्यांची पत्रं येतात, पेढे येतात. त्यांच्यापैकी कुणाला काम करताना मी ऐकलेलं नाही. तुला ऐकलं. रिसीव्हर बंद करून मी बराच वेळ तशीच बसून होते, आणि शेजारच्या बाईंनी तब्येत बरी नाही का असं विचारलं.

सासूबाईंना सांग की दाराशी त्या आहेत हे मला इथे ऐकू आलं. ज्याच्या पाठीशी कुणी नसतं तो एवढा सावकाश काम करत नाही.

इंदुमती बिडकीनकर

*

कन्नड
२९ ऑक्टोबर १९८०

आदरणीय बाई,
सलाम.

उशिराबद्दल माफी. या साली दसरा अन् बकरीद एकाच आठवड्यात आल्यानं घरात गडबड होती. सध्या अँप्लिफायर बंद आहे. व्हॉल्व्ह गेलाय अन् ८०७ कुठं मिळत नाहीत. मिळाले की बघू. आपण प्रकृती जपावी.

आपली,
शमशाद

*

उस्मानपुरा
३ नोव्हेंबर १९८०

शमशाद,

८०७ मिळत नाहीत हे खरं नाही. हैदराबादच्या बाजारात ते टोपलीत भरून विकायला ठेवलेले असतात, आणि फारूख तिथे महिन्याला जातो. तीन महिन्यांत व्हॉल्व्ह आपोआप जात नाही. शिवाय तुझ्या पत्रात पहिल्यांदाच सासूबाईंचं नाव नाही.

काय झालं ते सरळ लिही. कुणाला धक्का बसला का, हे पहिल्या ओळीत लिही.

इंदुमती बिडकीनकर

*

कन्नड
९ नोव्हेंबर १९८०

आदरणीय बाई,

कुणाला धक्का बसला नाही.

खंडेनवमीला कारभारीभाऊ दुकानातल्या हत्यारांची पूजा करतात. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कड, सगळं पाटावर मांडतात. यंदा म्हणाले, "वहिनी, एवढं मोठं यंत्र घरात अन् त्याला मान नाय? पहिला मान त्याचाच." मी ईदच्या कापडासाठी बाजारात गेले होते. त्यांनी केबली सोडून अँप्लिफायर खाली आणला, झाकण काढून आत फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं, गुलाल उधळला. पाट अम्मींनीच दिला होता. मग मला त्रास नको म्हणून स्वतःच वर नेऊन परत जोडला.

बाई, तुम्ही सॉकेट बदलायला सांगितलं होतं. मी "करते" म्हणून लिहिलं अन् केलं नाही. दुसरं सॉकेट मिळेना, म्हणून एकाला लाल अन् एकाला हिरव्या रंगाचा ठिपका लावून भागवलं. ठिपके गुलालाखाली गेले. कारभारीभाऊंनी एरियलची केबल आत यायच्या जागी लावली अन् माझ्या सेटची केबल बाहेर जायच्या जागी.

ईदनंतर मी किल्लीवर बसले. अम्मी दाराशी. "बोल, काय काय केलंस?" मी घडाघडा बोलून दाखवलं. रोजचं झालंय बाई, तोंडानं म्हटलं, डोळ्यानं बघितलं नाही. फ्यूज मिळाला. किल्ली दाबली तसा मीटरचा काटा टोकाला जाऊन आपटला. माझ्या सेटची ताकद मागच्या दारानं गेली, ती जिथं शिरायला हवी त्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला काही मिळालंच नाही. ते मिळतं म्हणून तर व्हॉल्व्ह ताब्यात राहतात. न मिळाल्यावर बेफाम करंट ओढायला लागले. मला वाटलं ट्यूनिंग हललं असंल, म्हणून किल्ली तशीच दाबून चाक फिरवत राहिले. अम्मी ओरडल्या, "बत्ती लाल झाली!" अन् खटका पाडला.

एक व्हॉल्व्ह गेला. ट्रान्सफॉर्मरला वास येत होता, पण तो वाचला.

अम्मींनी फ्यूज काढून पानदानात टाकला तो आजपर्यंत दिलेला नाही. शब्द झटक्याचा होता, झटका बसलेला नाही, म्हणून डबा अजून घरात आहे. पण अम्मी त्यावर बोलत नाहीत अन् माझी विचारायची हिंमत होत नाही. पानदान रात्री उशाशी घेऊन झोपतात. खुर्ची माडीवरून खाली आणलीय.

किल्लीवर रोज नुसताच हात ठेवून बसते.

आपली,
शमशाद

*

उस्मानपुरा
१५ नोव्हेंबर १९८०

श्रीमती शहजादीबी यांना,
आदाब.

पोलीस अॅक्शननंतर मी हैदराबादला शिकायला होते. तिथे उर्दू बोलायला शिकले, लिहायला मात्र नाही. म्हणून मराठीत लिहिते. हे पत्र फारूखने वाचून दाखवावं, शमशादने नव्हे.

घाबरलेलं माणूस खटक्याजवळ नको, असं मी मे महिन्यात लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. ऐन वेळी तुमचा हात चालेल का, अशी शंकाही मी घेतली होती. तीही चुकीची निघाली. मीटर बघणाऱ्या माणसाला जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं, आणि तुम्ही क्षणभर न थांबता वीज तोडलीत.

शमशादने दोन चुका केल्या. सॉकेट बदललं नाही, आणि न बघता बोलली. दोन्ही गंभीर आहेत आणि मी तिच्या बाजूने काही सांगणार नाही. डबा ठेवायचा की काढायचा, हा निकाल तुमचा. काढलात तर तो न्यायाचा असेल. मी तक्रार करणार नाही आणि तिलाही करू देणार नाही.

निकालाआधी फक्त एवढं ऐका. दर दुपारी मी रिसीव्हर लावते. हवेत शेकडो किल्ल्या वाजत असतात, त्यातले कित्येक जण लष्करात आणि जहाजांवर शिकलेले. त्या सगळ्यांतून तुमच्या सुनेचा हात मला पहिल्या शब्दाला ओळखू येतो. असा हात शिकवून येत नाही. मी शिकवणारी आहे, मला माहीत आहे. ऑक्टोबरपासून ती जागा रिकामी आहे आणि मी तरीही ऐकत बसते.

आपली,
इंदुमती बिडकीनकर

फारूख, निकाल काहीही लागो, सॉकेट या आठवड्यात बदल. आणि ग्रिडला बॅटरीचा कायमचा बायस लाव, म्हणजे समोरून काही आलं नाही तरी व्हॉल्व्ह आवरलेले राहतील. ते मी मे महिन्यातच सांगायला हवं होतं.

*

कन्नड
२६ नोव्हेंबर १९८०

बिडकीनकर बाईंना शहजादीबीचा सलाम.

मी बोलते अन् फारूख लिहितो. त्याला सांगितलंय, मी बोलंन तसंच लिहायचं, मधे आपली अक्कल घालायची नाय. तुमचं पत्र त्यानं दोनदा वाचलं. सूनबाई जिन्यात बसून ऐकत होती. तिला वाटलं मला दिसत नाय.

तुम्ही चूक कबूल केली. तुम्हाला लई जड गेलं असंल. राहू द्या, झालं.

आता सूनबाईनं तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत नाय, पण एक गोष्ट तिनं लिहिली नसणार. ती अजून फारूखलाबी सांगितली नव्हती, आत्ता लिहिताना त्याला कळतीय. बत्ती लाल झाली म्हणून मी ओरडले, तेव्हा हिनं झाकण सारलं. कारभारीनं ते नुसतं वर ठेवलं होतं, स्क्रू लावलेच नव्हते. झाकण सारलं अन् हात आत घातला, बत्तीच्या डोक्यावरची टोपी उपटायला. सातशे तिथंच असतात ना? मला हिनंच शिकवलंय. अन् दुसरा हात कमरेमागं, तुम्ही सांगितल्यासारखा! एवढं ध्यानात राहिलं, बाकी सगळं विसरली. मी "हात मागं" म्हणून ओरडले अन् खटका पाडला. आधी काय केलं अन् मागून काय, मला आठवत नाय. तिचं बोट टोपीपासून एवढं होतं. एवढं म्हणजे किती, ते फारूखला लिहिता येत नाय. मी त्याला बोटांनी दाखवतीय.

फ्यूज मी दिला नाय. सगळ्यांना वाटलं, अम्मी डब्याचा निकाल करतीय. कारभारी रोज येऊन माझ्या खुर्चीजवळ उभा राहायचा. "अम्मी, चूक माझी, वहिनीला शिक्षा नको." मी म्हणलं, "शिक्षा तुला करते, चहा घे अन् घरी जा." मी डब्याचा विचार करतच नव्हते बाई. मी विहिरीचा करत होते.

अन्सारच्या विहिरीवर खटका होता. चांगला, लोखंडी पेटीतला, खोपीच्या दाराला लावलेला. मोटारीला हात लागला अन् तो चिकटला. खटका त्याला डोळ्यांनी दिसत असणार. आम्ही सगळे आठवडी बाजाराला कन्नडला आलो होतो. खोपीत कुणी नव्हतं. इतकी वर्षं मी म्हणत आले, बिजलीनं नेला, बिजलीनं नेला. दिव्याचं बटण दाबलं नाय मी, वैर धरलं. पण बिजली तर तिथं रोज होती. त्या दिवशी माणूस नव्हतं, बस.

म्हणून सांगते. डबा राहील.

अटी माझ्या आहेत. सॉकेट बदललंय. फारूख बदलत होता तेव्हा मी समोर बसले. आता केबल उलटी बसत नाय. मी स्वतः बसवून बघितली, फ्यूज पानदानात असताना. बॅटरीबी लावली. कारभारीला पूजा करायची असंल तर त्यानं माडीवर यायचं, डबा जागचा हलायचा नाय, अन् फुलं बाहेरूनच. सूनबाईनं इथून पुढं तोंडानं म्हणायचं नाय. एकेक केबलीला हात लावून दाखवायचं, मग फ्यूज. अन् मी आजारी असंन किंवा कुठं गेले असंन, त्या दिवशी फारूखनं दुकान बंद करून दाराशी बसायचं. तेवढं नसंल होत तर त्या दिवशी डबाबी बंद. रिकाम्या खुर्चीवर मी भरवसा ठेवणार नाय.

आज दुपारी खुर्ची वर नेली अन् फ्यूज तिच्या हातावर ठेवला. ती रडायला लागली. मी म्हणलं, आधी डोळे पूस, मग हात पूस. ओल्या हातानं बिजलीचं काम करू देणार नाय मी तुला.

शहजादीबी